रेसिडेन्सी संपली, आता खालची सही माझी

पहिलीसही (धागाकर्ती):

मेडिसिनची रेसिडेन्सी (एमबीबीएसनंतरचं तीन वर्षांचं तज्ज्ञ होण्याचं प्रशिक्षण) संपून चार महिने झाले आणि फिजिशियन म्हणून स्वतंत्र काम सुरू करून अडीच. परीक्षेआधी वाटायचं, एकदा हे संपलं की मोकळा श्वास घेऊ. परीक्षा संपली, निकाल लागला, नोकरी मिळाली, आणि पहिल्याच आठवड्यात एका रात्री माझा हात कागदावर थांबला. तेव्हापासून डोक्यात जे घोळतंय ते इथल्या जुन्या लोकांना विचारायचं आहे.

सत्तरीच्या एक बाई. तीन आठवड्यांपासून डोकं दुखतंय, एका बाजूचं जास्त. आधी डोकेदुखीचा त्रास कधीच नव्हता. मी विचारत गेले, त्या सांगत गेल्या. केस विंचरताना टाळू दुखते. घास चावताना जबडा भरून येतो, थांबलं की बरा होतो. आणि त्याच दिवशी दुपारी डाव्या डोळ्यापुढे पडदा आल्यासारखं झालं होतं, पाच-सात मिनिटांत गेलं. ईएसआर, म्हणजे शरीरातली सूज दाखवणारी रक्ताची तपासणी, शंभराच्या घरात. कानशिलावरची रक्तवाहिनी बोटाला दोरीसारखी लागत होती.

ज्यांनी हे पाहिलंय त्यांना पुढचं सांगायला नको. जायंट सेल आर्टेरायटिस. रक्तवाहिनीच्या भिंतीला सूज येते, डोळ्याच्या नसेचा रक्तपुरवठा कधी बंद पडेल सांगता येत नाही, आणि गेलेली नजर बहुधा परत येत नाही. म्हणून बायोप्सीची (रक्तवाहिनीचा तुकडा काढून तपासण्याची) वाट न बघता स्टेरॉइड सुरू करायचं. हे मला पाठ होतं. रेसिडेन्सीत असे पेशंट मी सांभाळले होते.

तरी हात थांबला. रेसिडेन्सीत हीच ऑर्डर मी लिहायचे, पण तिच्यापुढे सवयीने ‘सरांशी चर्चा करून’ असंही लिहायचे. त्या रात्री नोट लिहीत आले आणि त्या तीन शब्दांपाशी येऊन अडले. चर्चा करायला वर कोणी नव्हतं. वरची मीच होते.

मी जुन्या युनिटच्या सरांना फोन लावला. रात्रीचे साडेदहा वाजले होते. सगळं ऐकून ते म्हणाले, “तू काय ठरवलंयस?” मी म्हटलं, आत्ता शिरेतून स्टेरॉइड, सकाळी डोळ्यांच्या डॉक्टरांना दाखवायचं, आठवड्याच्या आत बायोप्सी. “मग मला का विचारतेयस?” ते रागावले नव्हते, त्यांना खरंच जाणून घ्यायचं होतं. मला उत्तर देता आलं नाही. दहा मिनिटांत बाईंना औषध सुरू झालं.

दुसरी गोष्ट त्याहून मोठी आहे, आणि तिच्याबद्दल मला कोणी सांगितलं नव्हतं. रेसिडेन्सीत आजार आपल्याला तुकड्यातुकड्याने दिसतो. कॅज्युअल्टीत चार तास, वॉर्डात सहा दिवस, मग पोस्टिंग बदललं की पेशंट दुसऱ्याचा. ज्यांच्या हातात मी डिस्चार्ज कार्ड दिलं त्यांचं पुढे काय झालं, हे तीन वर्षांत मला क्वचित कळलं. आता पेशंट परत येतो. महिन्याभरापूर्वी मी घेतलेला निर्णय दार उघडून आत येतो आणि समोरच्या खुर्चीत बसतो. रॅमिप्रिल हे रक्तदाबाचं औषध मी शेकडो वेळा लिहिलं असेल. त्याने कोरडा खोकला येऊ शकतो हे वाचलेलं होतं, परीक्षेत सांगितलंही होतं. त्या खोकल्याने महिनाभर झोप न झालेला माणूस मला या अडीच महिन्यांत पहिल्यांदा भेटला, आणि ती गोळी मीच दिलेली होती.

म्हणून मी एक वही केली आहे. ज्या पेशंटबद्दल पूर्ण खात्री नाही त्याचं नाव, माझा त्या वेळचा अंदाज, किती टक्के खात्री वाटली, आणि पुन्हा बघायची तारीख. रोज रात्री दोन-तीन नोंदी होतात.

तुमचं पहिलं वर्ष कसं गेलं? फोन कधी करावा? आणि चुकलात तेव्हा काय केलंत?

टाकेवाला:

सर्जरीत पंचवीस वर्षं झाली, म्हणून अगं-तुगं करतो, राग मानू नकोस.

निर्णय झालेला असला तरी दुसऱ्या माणसाच्या तोंडून तो एकदा ऐकावासा वाटतो. तुझ्या सरांना हे उत्तर दिलं असतंस तरी चाललं असतं. पहिल्या वर्षी असं वाटायलाच हवं, असं माझं मत आहे.

माझं सांगतो. स्वतंत्र होऊन दोन महिने झाले होते. दुर्बिणीतून पित्ताशय काढायचं होतं. सूज येऊन आठवडा उलटलेला, आत सगळं एकमेकांना चिकटलेलं. या ऑपरेशनचा एक नियम आहे, स्ट्रासबर्ग या सर्जननी १९९५ मध्ये मांडलेला. पित्ताशयाकडे जाणाऱ्या दोनच रचना दिसल्या पाहिजेत, त्यांच्या आजूबाजूची चरबी आणि पडदे साफ झालेले हवेत, आणि पित्ताशयाचा खालचा भाग यकृतावरून सुटलेला हवा. हे दिसल्याशिवाय काहीही क्लिप करायचं नाही, कापायचं नाही. मी चाळीस मिनिटं सोडवत होतो आणि मला एकच नळी दिसत होती. मन म्हणत होतं, हीच सिस्टिक डक्ट (पित्ताशयाची नळी), क्लिप लाव आणि संपव. ती मुख्य पित्तनलिका निघाली असती, तर त्या माणसाला पुढे मोठमोठ्या शस्त्रक्रियांना तोंड द्यावं लागलं असतं.

मी हात थांबवले आणि एका अनुभवी सहकाऱ्याला बोलवा म्हणालो. ते यायला पंचवीस मिनिटं लागली. पेशंट टेबलवर, सगळे उभे, कोणी काही बोलत नाही. त्या पंचवीस मिनिटांत मला वाटत होतं की या थिएटरमध्ये आता माझी किंमत संपली. ते आले, हात धुऊन उभे राहिले, पाच मिनिटं बघितलं आणि म्हणाले, “मलाही दिसत नाहीये.” मग आम्ही पित्ताशय उघडलं, खडे काढले, सुरक्षितपणे निघेल तेवढी भिंत काढली, ड्रेन (आत साचणारं बाहेर काढणारी नळी) ठेवला आणि बाहेर आलो. पेशंट बरा झाला.

नातेवाइकांना मी खरं ते सांगितलं. पूर्ण काढता आलं नाही, का नाही, आणि पुढे काय लक्ष ठेवायचं. ‘याला जमत नाही’ असं ते म्हणतील अशी भीती होती. त्यांनी एवढंच विचारलं, “आता धोका नाही ना?”

तेव्हापासून थिएटरमध्ये कोणीही मदतीला हाक मारली की मी हातातलं काम टाकून जातो.

वॉर्डसिस्टर:

मी मेडिसिनच्या वॉर्डात आहे. दरवर्षी नवीन डॉक्टर येतात, रेसिडेन्सी नुकतीच संपवून. मॅडम, तुम्ही विचारलंत फोन कधी करावा. आमच्या बाजूने हाच प्रश्न उलटा आहे. आम्ही तुम्हाला फोन कधी करायचा?

नवीन डॉक्टर जाताना म्हणतात, “सिस्टर, काही वाटलं तर सांगा.” रात्री दोन वाजता ‘काही वाटलं’ म्हणजे काय? बीपी नव्वदच्या खाली गेलं तर, की ऐंशीच्या? लघवी किती तास झाली नाही तर? ताप आला तर की थंडी वाजून आला तर? एक डॉक्टर होत्या, त्या प्रत्येक गंभीर पेशंटच्या फाइलवर दोन ओळी लिहून जायच्या. ‘ऑक्सिजन ९२ च्या खाली गेला तर मास्क लावा आणि मला लगेच कळवा. पहाटेपर्यंत लघवी २०० मिलीपेक्षा कमी असेल तर फोन करा, झोपेत असले तरी.’ त्यांच्या ड्युटीला आम्हाला कमी फोन करावे लागायचे, आणि केला की त्या उठून यायच्याच, कारण काय झालं असेल ते त्यांनी आधीच डोक्यात धरलेलं असायचं.

आणखी एक मनापासून सांगते. सिस्टर म्हणाली, “पेशंट आज नीट वाटत नाही,” तर आकडे बरोबर असले तरी उठून बघा. सांगता येत नसतं काय बदललंय, पण काल जी व्यक्ती तुमच्याकडे वळून बघत होती ती आज छताकडे बघते आहे, हे आमच्या लक्षात आलेलं असतं. मी हे सांगितल्यावर एकदा एक डॉक्टर आले नाहीत. त्या पेशंटचा विचार माझ्या मनातून अजून जात नाही.

बालवैद्य:

सिस्टर, तुम्ही लिहिलेल्या दोन ओळी म्हणजे हँडओव्हरच्या, म्हणजे ड्युटी बदलताना पेशंट दुसऱ्याकडे सोपवण्याच्या, आय-पास पद्धतीचा गाभा आहे. आजाराची तीव्रता, थोडक्यात हकिगत, करायची कामं, ‘असं झालं तर असं करा’, आणि ऐकणाऱ्याने ते परत म्हणून दाखवणं. नऊ रुग्णालयांतल्या बालरोग रेसिडेंटांसाठी ही पद्धत राबवली तेव्हा वैद्यकीय चुका २३ टक्क्यांनी कमी झाल्या आणि टाळता येण्याजोगी इजा ३० टक्क्यांनी. अभ्यास २०१४ चा आहे. माझ्या मते त्यातला सर्वांत ताकदवान भाग शेवटचा. नवीन कन्सल्टंटने (स्वतंत्र काम करणाऱ्या तज्ज्ञ डॉक्टरने) सकाळच्या हँडओव्हरला एवढंच म्हणावं, “मी काय ऐकलं ते सांगतो, चुकलं तर थांबवा.”

पहिलीसही, तुमच्या वहीबद्दल मात्र काळजी वाटते. नाव, आजार, खात्रीचे टक्के, हे सगळं पर्समध्ये किंवा घरच्या टेबलावर असेल तर ते बरोबर नाही. वही हरवली तर त्या माणसाचा आजार कुणाच्याही हाती लागेल. यादी रुग्णालयाच्या प्रणालीतच ठेवा, बहुतेक ठिकाणी परत बघण्याची आठवण लावता येते. वहीत ठेवायचीच असेल तर नाव नको, वय नको, फक्त तुम्हालाच उमगेल अशी खूण आणि तारीख. बाकी कल्पना मला फार आवडली. मी हे वीस वर्षं उशिरा सुरू केलं.

पेशंट परत येतो म्हणालात, त्यात एक भर. तो योग्य वेळी परत येईल हे आपल्या हातात असतं. पहिल्या वर्षी मी आईवडिलांना सांगायचो, “काही वाटलं तर परत आणा.” तापाचं एक बाळ, आठ महिन्यांचं. मी तपासलं तेव्हा खेळत होतं, घरी पाठवलं. त्याची आई दुसऱ्या दिवशी संध्याकाळी आली, तोवर ते बाळ श्वासाला दमलं होतं. सकाळपासून श्वास जलद होता, पण त्यांना वाटलं तापामुळे असेल. त्यांना मी कुठलीच खूण सांगितलेली नव्हती. बाळ वाचलं, पण ऑक्सिजनवर चार दिवस होतं.

आता मी नेमकं सांगतो आणि लिहून देतो. श्वास घेताना बरगड्यांखाली खड्डा पडू लागला, दूध निम्म्याहून कमी घेतलं, आठ तासांत लघवी झाली नाही, उठवूनही नीट जागं होत नाही, दाबल्यावर न जाणारे लाल-जांभळे ठिपके आले, तर वेळ न बघता या. आणि मग त्यांच्याकडून एकदा म्हणवून घेतो. या सगळ्याला दोन मिनिटं लागतात.

तिसरेवर्ष:

सगळे प्रतिसाद दोनदा वाचले. माझी परीक्षा पाच महिन्यांवर आली आहे. दोन भीती आहेत. एक, मला काहीच येत नाही असं दिवसेंदिवस जास्त वाटतंय, पहिल्या वर्षी इतकं वाटत नव्हतं. दुसरी नोकरीची. दोन ठिकाणांहून विचारणा आहे आणि दोघेही फक्त पगार सांगतात. आणखी काय विचारायचं असतं हे मला कळत नाही. आमच्या सरांना विचारायला संकोच वाटतो.

निरभ्र:

फोनबद्दल माझं मत वेगळं आहे. माझ्या पहिल्या वर्षी मी प्रत्येक अडलेल्या गोष्टीला फोन करत गेलो. समोरचे चांगले होते, उचलायचे. सहा महिन्यांनी माझ्या लक्षात आलं की मी पेशंटकडे बघायच्या आधीच फोनवर काय सांगायचं ते जुळवू लागलो आहे. तपासणी अर्धवट आणि गोष्ट मात्र पूर्ण. मग मी स्वतःला शिस्त लावली. आधी निदान, उपचार आणि त्यामागचं कारण फाइलमध्ये लिहायचं, मग गरज वाटली तर फोन. लिहिल्यानंतर निम्मे फोन करावेच लागले नाहीत. जीव धोक्यात असेल तर अर्थातच थांबायचं नाही.

टाकेवाला:

निरभ्र, पटलं. पहिलीसहीच्या सरांनी पहिलाच प्रश्न “तू काय ठरवलंयस” हा विचारला, तो यासाठीच असणार.

भूलवेळ:

तिसरेवर्ष, संकोच सोड आणि सरांना विचार. त्यांनीही कधीतरी पहिला करार न वाचता सही केलेली असेल.

मी केली होती. पगार बघितला आणि सही. महिन्यात किती रात्री ऑन-कॉल हे कागदावर नव्हतं. तोंडी ‘चार-पाच’ सांगितलं होतं, प्रत्यक्षात अकरा निघाल्या. म्हणून हा प्रश्न सर्वांत आधी, आणि उत्तर लेखी. त्याच्या पाठोपाठ: ऑन-कॉलच्या दुसऱ्या दिवशी सकाळी ओपीडी किंवा ऑपरेशन लिस्ट आहे का? डॉसन आणि रीड या संशोधकांचा १९९७ चा प्रयोग आठवून बघ. सलग २४ तास जागं राहिलेल्या माणसाची कामगिरी रक्तात ०.१० टक्के मद्य असलेल्या माणसाइतकी घसरली होती. रेसिडेन्सीत आपण ते सोसलं म्हणून ते पुढेही सोसावं असं नाही, आणि तशा अवस्थेत गाडी चालवत घरी जाणं तर नकोच.

मग विचारायचं, पहिल्या सहा महिन्यांत मदतीला कोण? नाव हवं. ‘सगळेच आहेत’ याचा अर्थ रात्री तीन वाजता कोणीच नाही. भुलीत मला हे फार जवळून कळलं. श्वासनलिकेत नळी जात नाही, ऑक्सिजन उतरतोय, अशा वेळी दुसरा भूलतज्ज्ञ किती मिनिटांत पोहोचू शकतो हा आकडा आधी माहीत असावा लागतो.

व्यावसायिक विमा. याचे साधारण दोन प्रकार असतात. एकात, घटना विमा चालू असताना घडली असेल तर दावा दहा वर्षांनी आला तरी संरक्षण मिळतं. दुसऱ्यात, दावा दाखल होतो तेव्हा विमा चालू असावा लागतो. दुसऱ्या प्रकारात नोकरी सोडली की मागच्या कामाचं संरक्षणही संपतं, आणि ते पुढे चालू ठेवायला वेगळं कव्हर घ्यावं लागतं. ते कोण भरणार, तू की रुग्णालय, हे करारात असलं पाहिजे. शिवाय सोडून गेल्यावर आसपास काम करायला बंदी आहे का, आणि नोटिशीचा काळ किती, तेही बघ.

आता पहिली भीती. ‘काहीच येत नाही’ असं वाटतं कारण आता काय काय चुकू शकतं ते तुला दिसायला लागलंय. पहिल्या वर्षी ते दिसत नव्हतं. आणि नवीन डॉक्टर म्हणजे पेशंटला धोका, असं आकडे तरी म्हणत नाहीत. अमेरिकेत रुग्णालयात दाखल झालेल्या ६५ वर्षांवरच्या पेशंटांचा एक मोठा अभ्यास २०१७ मध्ये प्रसिद्ध झाला. दाखल झाल्यापासून ३० दिवसांतले मृत्यू चाळिशीच्या आतल्या डॉक्टरांकडे १०.८ टक्के होते आणि साठीच्या पुढच्यांकडे १२.१. जे ज्येष्ठ डॉक्टर भरपूर पेशंट बघत राहिले त्यांच्याकडे मात्र वयाने फरक पडला नाही. रेसिडेन्सीतून आत्ता बाहेर पडणाऱ्याचं ज्ञान ताजं असतं, त्यावर विश्वास ठेव.

डॉक्टरचा_नवरा:

मी डॉक्टर नाही, माझी बायको डॉक्टर आहे. तीन वर्षं आम्ही ‘रेसिडेन्सी संपली की’ या शब्दांवर काढली. संपली की फिरायला जाऊ, संपली की मुलाचा विचार करू, संपली की एकत्र जेवू. संपली. ती घरी लवकर येऊ लागली, पण येताना पेशंट बरोबर आणू लागली. जेवता जेवता हात थांबायचा. मी विचारलं तर “काही नाही” म्हणायची. पूर्वी ड्युटी संपली की जबाबदारी दुसऱ्याकडे जायची, आता ती कुणाकडेच जात नाही, हे मला समजायला वर्ष लागलं.

एकदा मी म्हटलं, नाव सांगू नकोस, आजारही सांगू नकोस, पण आज ओझं किती आहे ते तरी सांग. तेव्हापासून ती दारातच सांगते, “आज जड आहे,” किंवा “आज हलकं.” जड असेल त्या दिवशी मी प्रश्न विचारत नाही, सोबत बसतो.

पहिलीसही, तुमच्या घरच्यांनाही हे कुणीतरी सांगा.

मनोमय:

मी मानसोपचारात आहे आणि माझ्याकडे डॉक्टर पेशंट म्हणून येतात, म्हणून तिसऱ्या प्रश्नावर लिहितो. ‘चुकलात तेव्हा काय केलंत?’ यावर वर कोणी थेट लिहिलेलं नाही. सिस्टरांनी आणि बालवैद्यांनी मात्र आपली गोष्ट सांगता सांगता लिहिलं आहे.

अल्बर्ट वू या डॉक्टरांनी २००० मध्ये चूक झालेल्या डॉक्टरसाठी ‘सेकंड व्हिक्टिम’ (दुसरा बळी) हा शब्द वापरला. झोप उडते, तोच प्रसंग पुन्हा पुन्हा डोळ्यांसमोर येतो, पुढच्या पेशंटला हात लावताना भीती वाटते. या अवस्थेला नाव मिळाल्याने अनेकांना मदत झाली. पुढे इजा झालेल्या पेशंटांच्या कुटुंबीयांनी त्या शब्दाला हरकत घेतली, डॉक्टरने स्वतःला बळी म्हणवून घेऊ नये म्हणून, आणि मला त्यांचं म्हणणं योग्य वाटतं. माझ्याकडे येणाऱ्या डॉक्टरांबरोबर मी तो शब्द वापरत नाही. ज्याला इजा झाली त्याला आधी भेटायचं, खरं सांगायचं, माफी मागायची, पुढचे उपचार बघायचे. नंतर स्वतःकडे वळायचं. हा क्रम पाळलेले डॉक्टर लवकर सावरताना मी पाहिले आहेत. ज्यांना गप्प राहायला सांगितलं गेलं ते वर्षानुवर्षं त्याच दिवसात अडकलेले असतात.

रेसिडेन्सीत चूक झाली की मॉर्टॅलिटी मीटिंग (मृत्यू आणि चुकांवर चर्चा करायची बैठक) असायची, त्रास व्हायचा, पण बोललं तरी जायचं. स्वतंत्र झाल्यावर तेही सुटतं. म्हणून सुरुवातीलाच दोन-तीन सहकारी ठरवून ठेवा, ज्यांच्याशी महिन्यातून एकदा चुकांबद्दलच बोलायचं.

आणि तुमचा स्वतःचा डॉक्टर असू द्या. झोपेची गोळी स्वतःच लिहून घेणारे नवे डॉक्टर मी बरेच पाहिले. त्यातल्या काहींना मदत मिळेपर्यंत फार उशीर झाला होता. पंधरा दिवसांपेक्षा जास्त काळ झोप, भूक, कामातला रस गेलेला असेल, किंवा जगणं नको वाटत असेल, तर तुमच्या पेशंटला तुम्ही जे सांगाल तेच करा, त्याच दिवशी.

तिसरेवर्ष:

भूलवेळ दादा, प्रश्न लिहून दोन्ही ठिकाणी पाठवले. एका ठिकाणाहून सगळ्याची लेखी उत्तरं आली. दुसऱ्यांनी पुन्हा पगारच सांगितला. सरांशीही बोललो, त्यांनी तासभर बसवून करार वाचून घेतला.

पहिलीसही (धागाकर्ती):

उत्तर द्यायला तीन आठवडे लागले, क्षमस्व. सगळं वाचत होते.

बालवैद्य सर, वही बंद केली. पानं रुग्णालयातल्या श्रेडरमध्ये गेली. यादी आता प्रणालीत आहे. सिस्टर, तुमच्या दोन ओळी मी रोज लिहिते. पहिल्या रात्री आमच्या सिस्टरांनी वाचून विचारलं, “मॅडम, हा आकडा खरंच पाळायचा का?” मी हो म्हटलं. पहाटे चार वाजता त्यांनी फोन केला, आणि त्यांचं बरोबर होतं. निरभ्र सर, मी आता आधी लिहिते, मग फोन करते, आणि फोनवर पहिलं वाक्य माझ्या निर्णयाचं असतं.

त्या बाईंबद्दल सांगायचं राहिलं. बायोप्सीचा रिपोर्ट निगेटिव्ह आला.

तो हातात घेऊन मी बराच वेळ बसले. रेसिडेन्सीत असते तर रिपोर्ट फाइलला लावून राउंडची वाट बघितली असती. या आजारात सूज रक्तवाहिनीत सलग नसते, मध्ये मध्ये निरोगी तुकडे असतात, म्हणून बायोप्सीत आजार निसटू शकतो. हे मला माहीत होतं. पण सत्तरीच्या बाईला महिनोनमहिने स्टेरॉइड म्हणजे साखर, हाडं, जंतुसंसर्ग, हेही माहीत होतं. पाउकर आणि कासिरेर या डॉक्टरांचा १९८० चा लेख शिकवताना सर म्हणायचे, उपचार कधी सुरू करायचा हे फक्त खात्रीवर ठरत नाही. उपचार न केल्याचं नुकसान जितकं मोठं, तितकी कमी खात्री पुरते. त्या रात्री मी तेच केलं होतं. आता तोच हिशेब उलट्या बाजूने मांडायचा होता, कारण आता तातडी नव्हती आणि औषधाचं नुकसान रोज थोडं थोडं होत होतं.

मी फाइलमध्ये लिहिलं. तीन दिवसांत डोकेदुखी गेली, जबडा दुखायचा थांबला, ईएसआर उतरला, डोळ्यापुढे पुन्हा पडदा आला नाही. बायोप्सीचा तुकडा जेमतेम एक सेंटिमीटरचा होता. निर्णय: औषध चालू, डोस ठरल्याप्रमाणे हळूहळू कमी, हाडांसाठी कॅल्शियम, व्हिटॅमिन डी आणि त्यापुढचं औषध, साखरेवर लक्ष, संधिवाततज्ज्ञांचं मत. खाली सही केली. मग त्या तज्ज्ञांना फोन केला आणि वाचून दाखवलं. त्यांनी एक तपासणी सुचवली, कानशिलाच्या आणि काखेच्या रक्तवाहिन्यांची सोनोग्राफी, जी माझ्या लक्षात आली नव्हती. स्टेरॉइड सुरू होऊन दिवस गेल्याने ती आता नॉर्मल येऊ शकते, हेही त्यांनीच सांगितलं. काखेतल्या रक्तवाहिनीत अजून थोडी सूज दिसली.

बाई काल आल्या होत्या. साखर वाढली आहे, रात्री झोप लागत नाही, चेहरा थोडा सुजलाय. हे सगळं माझ्या औषधाने झालंय, आणि ते मी त्यांना तसंच सांगितलं. त्या म्हणाल्या, “कळतंय मला. पण आज केस मीच विंचरले.” डोस थोडा खाली आणला आहे. पुढची तपासणी पंधरा दिवसांनी, यादीत लावली आहे.